नोंद सापडली नाही : मराठी अक्षरे आणि जावास्क्रिप्ट



साहित्याच्या व्यासपीठावर संगणकाच्या भाषेचे काय काम, असे हा विषय जाहीर झाल्यावर मला दोघातिघांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आमच्याच घरातली एक गोष्ट सांगते. व्याख्यानातही सुरुवात तिनेच केली होती.

प्रतापनगरला आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी पेटी असेल. गायकवाड सरकारच्या चाकरीत आलेल्या पणजोबांचे मोडी कागद, शाळेचे दाखले, सणावाराच्या खर्चाची टिपणे, नाटकाचे हस्तपत्रक, आणि पत्रे, पत्रे, पत्रे. माझा व्यवसाय वेबपाने बनवण्याचा. म्हणून मी एका उन्हाळ्यात सगळ्या कागदांचे फोटो काढले, प्रत्येकाची दोन ओळींची नोंद केली आणि घरच्यांसाठी एक पान तयार केले. वर एक चौकट, तिच्यात शब्द लिहायचा, खाली सापडलेले कागद. चारशेच्या वर नोंदी झाल्या.

आमच्या आत्याबाईंना त्यांच्या वडिलांचे कऱ्हाडहून आलेले पत्र हवे होते. त्यांनी आपल्या फोनवर ‘कऱ्हाड’ लिहिले. पानाने उत्तर दिले, ‘नोंद सापडली नाही.’ आत्याबाई म्हणाल्या, “गेलं असेल गं वाळवीत. तुझ्या मशीनला नाही सापडत म्हणजे नाहीच ते.” पुढे दिवाळीच्या साफसफाईत ‘यादीत नसलेले’ म्हणून जे गाठोडे रद्दीसाठी दाराशी ठेवले गेले, त्यात ते पत्र होते. रद्दीवाला एक दिवस उशिरा आला, म्हणून वाचले.

पत्राची नोंद माझ्या यादीत होती. मीच केली होती. ‘कऱ्हाड’ हाच शब्द लिहून केली होती. मग सापडली का नाही? या एका प्रश्नाच्या उत्तरात आजच्या वेबविद्येचा बराच भाग येतो, म्हणून त्याच्याच मागोमाग जाऊ. वाटेत येणारी आज्ञांची नावे मी देवनागरीत देते आहे. प्रत्यक्ष लिहिताना ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

वेबपान तीन गोष्टींनी बनते. मजकूर आणि त्याची मांडणी सांगणारी एचटीएमएल, रंगरूप ठरवणारी सीएसएस, आणि पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट. पहिली संहिता, दुसरी नेपथ्य आणि वेशभूषा, तिसरी म्हणजे रंगमंचावर प्रत्यक्ष वावरणारी पात्रे, असे आपल्यासारख्या नाटकवेड्या माणसांना सांगता येईल. बटण दाबल्यावर काही घडते, ते जावास्क्रिप्ट घडवते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात दहा दिवसांत तिचा पहिला नमुना लिहिला. दहा दिवसांच्या घाईच्या खुणा तिच्या अंगावर अजून आहेत. १९९७मध्ये तिचे प्रमाण ठरले, २०१५मध्ये तिची मोठी डागडुजी झाली, आणि तेव्हापासून दरवर्षी नवी आवृत्ती निघते.

संगणक अक्षर साठवत नाही, अंक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक, याचा जगाने मान्य केलेला तक्ता म्हणजे युनिकोड. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, आणि तिची मांडणी इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतलेली आहे. त्या तक्त्यात ‘क’ला अंक आहे, ‘ा’ या मात्रेला वेगळा अंक आहे, पाय मोडण्याच्या खुणेलाही आहे. ‘क्ष’ला मात्र स्वतंत्र अंक नाही, तो क, पायमोडकी खूण आणि ष असा तिघांचा मिळून होतो.

आता ‘कऱ्हाड’मधला तो झोपाळ्यासारखा अर्धा र पाहा. हा खास आपला. हिंदीला त्याची गरज पडत नाही. संगणकावर तो दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे ह लिहायचा. दुसरी वाट म्हणजे साधा र, पायमोडकी खूण, मग एक अदृश्य जोडचिन्ह, आणि मग ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जावास्क्रिप्टला त्यांची लांबी विचारली, तर एकीची सहा येते आणि दुसरीची सात. आणि दोन्ही समान आहेत का असे विचारले, तर ती ठामपणे ‘नाही’ म्हणते. माझ्या कळफलकाने एक वाट घेतली होती, आत्याबाईंच्या फोनने दुसरी. पत्र हरवले ते एवढ्यावर.

यावर ‘नॉर्मलाइझ’ नावाची एक तयार आज्ञा जावास्क्रिप्टमध्ये आहे. एकाच अक्षराची जी वेगवेगळी रूपे युनिकोडने समान मानली आहेत, ती ही आज्ञा एकाच रूपात आणते. पहिल्याने मला वाटले, झाले काम. झाले नाही. नुक्ता जोडलेले र आणि एकसंध ‘ऱ’ यांना ती एक करते, पण अदृश्य जोडचिन्हाची वाट युनिकोडच्या लेखी निराळीच आहे. ती स्वतः हाताने जुळवावी लागते. तीच गत ‘ॲ’ची. २००८ साली या अक्षराला युनिकोडात स्वतःची जागा मिळाली; त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र काढत. ‘ॲडव्होकेट’ शोधणाऱ्याला जुन्या पद्धतीने लिहिलेले ॲडव्होकेट सापडत नाहीत, ते यामुळे.

म्हणून असा शोध करताना एक युक्ती वापरतात, तिला मी ‘शोधकिल्ली’ म्हणते. मूळ नोंद जशीच्या तशी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिच्या शेजारी तिचीच एक खडबडीत प्रत करायची : अदृश्य चिन्हे काढून टाकायची, ऱ चा र करायचा, दोन प्रकारचे ॲ एक करायचे. वाचक चौकटीत जे लिहील त्याचीही तशीच प्रत करायची, आणि प्रतीशी प्रत ताडून पाहायची. पडद्यावर दाखवायची ती मूळ नोंद. असे केल्याने ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतात, ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांच्यात भेद राहत नाही, गुरुजी आणि स्वयंपाकी एका पंक्तीला बसतात. शोधात हे चालते. दोन जास्तीचे कागद समोर आले तर वाचक ते बाजूला सारतो. समोर न आलेला कागद मात्र त्याला सारताही येत नाही.

जुन्या छापील मजकुराचा पेच याहून अवघड आहे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि पुष्कळसे अनुस्वार गेले. आपल्या घरच्या पुस्तकांवर मात्र ‘नांव’, ‘गांव’, ‘बडोदें’ असेच आहे. ‘कवि’ ऱ्हस्व आहे, ‘शांति’ ऱ्हस्व आहे. हे सगळे भेद शोधकिल्लीत पुसले, तर शोध इतका सैल होतो की कशालाही काहीही जुळते. मी शेवटी दोन किल्ल्या केल्या. काटेकोर किल्लीला जुळणारे कागद वर, सैल किल्लीला जुळणारे खाली ‘जवळपासचे’ या मथळ्याखाली. उपाय फार देखणा नाही, पण घरात कोणी तक्रार केलेली नाही.

लांबीचा विषय निघालाच आहे, तर तोही पुरा करू. ‘लक्ष्मी’ या शब्दात आपल्या हिशेबी अक्षरे दोन. जावास्क्रिप्ट म्हणते सात, कारण ती अंक मोजते. फोनच्या लहान पडद्यासाठी शीर्षक कापायचे असेल आणि पहिले तीन घ्या असे सांगितले, तर हाती ‘लक्’ उरते. ‘बडोदे’ उलटे करायला सांगितले, तर आधाराविना लोंबणारी एक मात्रा आणि तिच्यामागे ‘दोडब’ असे काहीतरी येते. गंमत म्हणून ठीक आहे, पण पुस्तकसूचीत असे तुटलेले शब्द पाहिले की पोटात कालवते. यासाठी आता ‘इंटल’ या आज्ञासमूहात ‘सेगमेंटर’ नावाचे साधन मिळते. ते मजकूर वाचणाऱ्याच्या अक्षरांप्रमाणे तोडते. क्रोममध्ये ते २०२० साली आले, फायरफॉक्समध्ये २०२४ साली. जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडने २०२३च्या १५.१ आवृत्तीत घेतला, त्यामुळे जुन्या ब्राउझरमध्ये ‘प्रतापनगर’ची अक्षरे सहाऐवजी सात भरू शकतात.

त्याच इंटल समूहात ‘कोलेटर’ आहे. त्याचे काम अनुक्रम लावण्याचे. साध्या क्रमवारीत जावास्क्रिप्ट अंकांचा क्रम लावते, म्हणून ‘ळ’ ल आणि व यांच्यामध्ये जाऊन बसतो आणि क्षीरसागर मंडळी कोल्हटकरांच्या मागोमाग, खरे यांच्या आधी येतात. कोलेटरला भाषा मराठी आहे असे सांगितले की ळ, क्ष, ज्ञ हे ह च्या नंतर जातात, म्हणजे बाराखडीच्या तक्त्यात आपण शिकलो तसे. काही कोशांत क्ष ला क मध्येच घालतात हे मला ठाऊक आहे, आणि त्या बाजूनेही बोलता येईल. पण निदान संगणकाने आपल्याला विचारल्याशिवाय तिसराच क्रम लावू नये.

इथे थोडे मागे जाते. अनुक्रम आणि सूची हा बडोद्याला नवा विषय नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, पेट्यांतून पुस्तके पोचवणारी फिरती ग्रंथालये ही सारी घडी त्या काळात बसली, आणि बोर्डन यांनी इथल्या पुस्तकांसाठी वर्गीकरणाची पद्धतही आखली. १९३१ साली निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ तर राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना अनेक देशी भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी देतो. वाचकाला हवी ती गोष्ट, त्याच्या भाषेत, त्याच्या क्रमाने मिळावी, याची या शहराने शंभर वर्षांपूर्वी एवढी काळजी घेतली. आमच्या धंद्यातल्या लोकांनी ती घेतली नाही, तर ओशाळे वाटायला हवे.

आता आकड्यांविषयी. इंटलमधील ‘नंबरफॉरमॅट’ला मराठी सांगितले, तर तो १२,३४,५६७ असा लाख-हजारांचा स्वल्पविराम देऊन देवनागरी आकडा लिहितो. दाखवण्याची सोय इतकी छान. पण उलट दिशेने पाहा. वाचकाने ‘१९३१’ देवनागरीत लिहिले आणि जावास्क्रिप्टला म्हटले की याचा आकडा कर, तर ती ‘हा आकडा नव्हे’ म्हणते. तिला फक्त इंग्रजी आकडे वाचता येतात. देवनागरीचे दहा आकडे युनिकोडात सलग रांगेत आहेत, त्यामुळे एका ओळीत त्यांचे रूपांतर करता येते. पण ती ओळ कोणीतरी लिहायला हवी. ‘नावात फक्त अक्षरे लिहा’ असे बजावून आपले मराठी नाव नाकारणारे अर्जही आपण पाहिले असतील. तिथे ‘अक्षर’ याचा अर्थ रोमन ए ते झेड एवढाच घेतलेला असतो. २०१८पासून जावास्क्रिप्टच्या नमुनाशोधात ‘कोणत्याही लिपीचे अक्षर’ असे म्हणता येते. फक्त मात्रा ही त्या हिशेबात अक्षर नसून चिन्ह आहे, म्हणून चिन्हांनाही परवानगी द्यावी लागते. ती द्यायला विसरले, तर ‘मगन’ आत जातो आणि ‘मीना’ दाराबाहेर राहते.

बडोदेकरांसाठी एक खास गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते. आपल्या घरातल्या पुष्कळ फोनांवर कळफलक गुजराती असतो. आमच्या आत्याबाई मराठी बोलतात, मनात मराठीच असते, पण बोट गुजराती अक्षरावर पडते. इस्कीत भारतीय लिप्यांचा क्रम एकसारखा होता, तोच युनिकोडात उतरला. त्यामुळे देवनागरी क आणि गुजराती क यांच्या अंकांत ३८४चे अंतर आहे, ख आणि ख यांच्यातही ३८४, मात्रांतही ३८४, आकड्यांतही ३८४. गुजरातीत लिहिलेल्या शब्दाच्या प्रत्येक अंकातून ३८४ वजा केले की तोच शब्द देवनागरीत उभा राहतो. शोधकिल्लीत ही वजाबाकी मी सगळ्यात आधी करते. उलट बेरीज करायला गेलात, तर ‘ऱ’ आणि ‘ॲ’ यांना गुजराती तक्त्यात जोडीदार नाही आणि दंडाचे चिन्ह दोन्ही लिप्यांत एकच आहे, एवढी दोन-तीन ठिकाणे सांभाळावी लागतात.

मोडीचेही थोडे सांगते, कारण व्याख्यानानंतर सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याविषयी आले. मोडीला युनिकोडात २०१४ साली स्थान मिळाले आणि तिचा मोफत फॉन्टही उपलब्ध आहे. जावास्क्रिप्ट जन्मली तेव्हा पासष्ट हजारांच्या आसपास अंकांत जगातल्या सगळ्या लिप्या मावतील अशी समजूत होती. मोडीला जागा मिळाली ती त्या हद्दीच्या बाहेर, म्हणून मोडीचे प्रत्येक अक्षर जावास्क्रिप्ट दोन धरते. हे ठाऊक असले की वावगे काही होत नाही. पण फोटोतली मोडी वाचून देणे हे या पानाचे काम नव्हे. त्याला मोडी वाचणारे माणूस लागते, आणि अशी माणसे आपल्याच घरांत मोजकी उरली आहेत.

जुन्या स्मरणिकांचा प्रश्न वेगळा. आपल्या अनेक संस्थांच्या स्मरणिका आणि विशेषांक संगणकावर जुळवले गेले ते युनिकोडपूर्व फॉन्टांत. त्या फायलीत मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या अंकांवर मराठी चित्रे चढवलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की उरतो निरर्थक रोमन मजकूर. प्रतापनगरकरांना हे चटकन कळेल. आपल्या स्टेशनात अडीच फुटी रुळांची छोटी गाडी यायची. तिचा डबा मोठ्या रुळांवर ढकलता येत नसे. माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात भरायचा. डभोईची वाट आता मोठ्या मापाची झाली आणि २०२१च्या जानेवारीपासून इथून केवडियापर्यंत गाडी जाते. फायलींचेही तसेच माप बदलावे लागते. प्रत्येक जुन्या फॉन्टसाठी रूपांतराचा वेगळा तक्ता लागतो आणि अर्धा र नेमका तिथेच निसटतो. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन टळत नाही. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांनी मूळ फॉन्टची फाईलही जपून ठेवावी, एवढी विनंती.

आता हत्यारांकडे येते. हा भाग मी व्याख्यानातही घाईने उरकला होता. पान लिहायला व्हीएस कोड हा मोफत संपादक पुरतो. बदलांची वही ठेवायला गिट. नोंदी एका जेसन फायलीत ठेवल्या की ‘फेच’ ती मागवते, आणि ‘अवेट’ ती येईपर्यंत पुढचे काम थांबवून धरते. वाचनालयात खिडकीवर चिठ्ठी देऊन पुस्तक येईपर्यंत आपण बाकावर बसतो, तसे. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे एनपीएम या भांडारातून घेता येतात. पण उसनवारी बेताने करावी. २०१६च्या मार्चमध्ये एका लेखकाने आपला अकरा ओळींचा एक तुकडा तिथून काढून घेतला आणि त्यावर उभी असलेली जगभरातली कामे अडली. रिॲक्ट, व्ह्यू ही मोठी साधने मी कामावर रोज वापरते आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी चारशे-पाचशे नोंदींच्या घरगुती यादीला ती नकोत, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा वर्षांनी ते पान उघडणारी आपली भाची त्या साधनांची त्या काळची आवृत्ती कुठून आणणार? साधी एचटीएमएल आणि शंभरेक ओळींची जावास्क्रिप्ट तेव्हाही चालेल. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याची खूण मात्र जरूर घालावी. ज्या फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, ते त्या खुणेवरून आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात.

आपण स्वतः काही लिहिणार नसलात, कोणाकडून पान करून घेणार असलात, तर पैसे देण्याआधी त्याच्या शोधचौकटीत पाच गोष्टी लिहून पाहा. ‘कऱ्हाड’ दोन निरनिराळ्या फोनांवरून. ‘ॲडव्होकेट’. देवनागरीत ‘१९३१’. गुजराती कळफलकावरून आपले आडनाव. आणि यादी नावांच्या क्रमाने लावून क्षीरसागर कुठे गेले ते पाहा.

आमचे पान दुरुस्त झाल्यावर मी आत्याबाईंना पुन्हा फोन हातात दिला. त्यांनी कऱ्हाड लिहिले, गुजरातीत. पत्र आले. त्यांनी फोटो मोठा करून ते सावकाश वाचले, मग खाली माझी नोंद वाचली आणि म्हणाल्या, “हे वर्ष काय लिहिलंयस? अठराशे त्रेपन्न? अगं, तेव्हा आमचे आजोबासुद्धा जन्मले नव्हते. ते शके आहे.” शके १८५३, म्हणजे १९३१. त्या आठवड्यात मी यादीत वर्षाशेजारी एक नवी चौकट वाढवली, शके की इसवी सन, आणि सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला घेतल्या. दोनशे झाल्या आहेत.